फाईल दर वेळी २०४८ बाइटवरच अडकते? लाईनला शिव्या घालण्याआधी केबल उघडा

"साहेब, परत अडकलं बघा."

१९९८ साली हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकायचो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक सूतगोदाम, साखर पेठेत त्याची पेढी. गोदामातले दिवाणजी दिवसभराच्या आवक-जावकेच्या पावत्या डॉसवरच्या फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या प्रोग्राममध्ये भरायचे आणि संध्याकाळी मोडेम, म्हणजे फोनच्या लाईनवरून संगणकाचा डेटा पाठवणारी पेटी, लावून त्या दिवसाची नोंदींची फाईल (डीबीएफ) पेढीवर पाठवायचे. त्याआधी फ्लॉपी सायकलवरून यायची. एप्रिलच्या उन्हात शर्टाच्या खिशातून आलेली फ्लॉपी पेढीवर वाचली गेली तर नशीब. म्हणून शेठनी मोडेम घेतले, आणि मग मोडेमच्या तक्रारी माझ्या वाट्याला आल्या.

हे आता का लिहितोय? कारण असली जोडणी अजून मेलेली नाही. माझ्या स्वतःच्या देखभालीत आजही चार ठिकाणी सीरियल केबल (एकामागून एक बिट नेणारी) आणि मोडेम आहे. कुठे जुना वजनकाटा आहे, कुठे "चालतंय ना, मग कशाला हात लावता" या तत्त्वावर तगलेलं डॉसचं बिलिंग, एका ठिकाणी पाण्याची पातळी मोजणारं यंत्र जीएसएम मोडेमवरून, म्हणजे मोबाईलच्या नेटवर्कवरून, डेटा कॉल लावतं. नव्या पोरांना नेटवर्क येतं, पण तुटणाऱ्या लाईनवरून फाईल पोचवायची म्हटलं की ती गडबडतात. गेल्या महिन्यात एकाने एक्समोडेम या फाईल पाठवायच्या जुन्या पद्धतीबद्दल विचारलं, "सर, एक्समोडेम अर्ध्यात मरतो, लाईन बदलून घेऊ का?" मी त्याला विचारलं, "अर्ध्यात म्हणजे नेमकं कुठं?" ते त्याने पाहिलंच नव्हतं.

निदान इथूनच सुरू होतं. फाईल दर वेळी एकाच बाइटवर अडकते, की दिवसाच्या ठरावीक वेळी, की कुठेही, कधीही? पहिल्यात दोष बहुतेक जोडणीचा किंवा सेटिंगचा असतो, दुसऱ्यात आजूबाजूचा, तिसऱ्यात लाईनचा. लोक तिन्हींना "लाईन खराब" म्हणतात आणि टेलिफोनवाल्याला बोलावतात. तो येतो, कानाला रिसीव्हर लावतो, "लाईन क्लिअर आहे" म्हणतो आणि जातो. तो खोटं बोलत नसतो.

वही ठेवा

मी दिवाणजींना शंभर पानी वही दिली. तारीख, वेळ, किती पावत्या भरल्या, फाईल किती बाइटवर थांबली, पडद्यावर काय दिसलं. दिवाणजी जुन्या वळणाचे, खातेवही लिहावी तशी नीट लिहायचे. दोन महिन्यांनी वही घेऊन बसलो तेव्हा डोकं चक्रावलं. १७ तारखेला फाईल गेलेली नाही. १९ तारखेला नाही. पुढच्या महिन्यातही १७ आणि १९ ला नाही. मधल्या दिवसांत चोवीस पावत्यांपर्यंत फाईल बिनबोभाट जायची, पंचवीस किंवा जास्त झाल्या की हमखास २०४८ बाइटवर अडकायची. शिवाय एक दिवस पावत्या नेमक्या १९ होत्या, तेव्हा पहिल्याच ब्लॉकवर सगळं गप्प.

दिवाणजी म्हणाले, "साहेब, अमावास्या-पौर्णिमेचा काही संबंध?" मी हसलो, पण माझ्याकडेही त्यापेक्षा बरं उत्तर नव्हतं.

उत्तर एक्समोडेमच्या घडणीत होतं. हा प्रोटोकॉल वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली लिहिला. फाईलचे १२८ बाइटचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, करायचे. प्रत्येक तुकड्यापुढे तीन बाइट: सुरुवातीची खूण, ब्लॉकचा नंबर, आणि तोच नंबर उलटा करून, म्हणजे २५५ मधून वजा करून. शेवटी एक बाइटचा चेकसम, म्हणजे आतल्या बाइटांची बेरीज. एकूण १३२. पलीकडचा बेरीज तपासतो, जुळली तर पोच देतो, नाही तर नकार. नकार आला की तोच ब्लॉक पुन्हा. इतकं सोपं की एका बैठकीत लिहून होईल, म्हणूनच तो जगभर पसरला. पण सोपेपणाची किंमत अशी की ब्लॉकचा नंबर आणि आतला मजकूर जसाच्या तसा, कच्चा जातो.

आता १७ आणि १९ या बाइटना सीरियल जोडणीत खास अर्थ आहे. १९ म्हणजे एक्सऑफ, "थांब". १७ म्हणजे एक्सऑन, "चालू दे". मोडेम आणि संगणक यांच्यात हे सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे समोरच्याला थांबवायची-चालवायची सोय, चालू असेल तर मोडेम हे दोन बाइट माल समजत नाही, हुकूम समजतो. गिळून टाकतो, पुढे पाठवत नाही.

सोळा ब्लॉक म्हणजे १६ गुणिले १२८, बरोबर २०४८ बाइट. सतरावा ब्लॉक निघाला की त्याच्या नंबराचा बाइटच १७. मोडेम तो खातो, पलीकडे १३२ ऐवजी १३१ बाइट पोचतात, नकार येतो, पुन्हा तोच ब्लॉक, पुन्हा तोच नकार. दहा प्रयत्नांनंतर कार्यक्रम रद्द. आमच्या डीबीएफचं हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, ३५३ बाइटचं, एक नोंद ७० बाइटची, शेवटी एक खुणेचा बाइट. चोवीस पावत्यांची फाईल होते २०३४ बाइट, सोळा ब्लॉकमध्ये मावते. पंचविसावी पावती झाली की २१०४. सतरावा ब्लॉक लागलाच.

आणि तारखा? डीबीएफ फाईलचा पहिला बाइट प्रकाराचा, पुढचे तीन शेवटच्या बदलाचं वर्ष, महिना, दिवस. १७ तारखेला चौथा बाइट १७, १९ तारखेला १९. त्याच्या पुढचे चार बाइट नोंदींची संख्या. पावत्या १९ झाल्या की पाचवा बाइट १९. वहीतली प्रत्येक नोंद जाग्यावर बसली. एवढंच नाही, लक्षणांतला फरकही कळला. १७ तारखेला पडद्यावर नकारावर नकार मोजले जायचे, १९ ला मात्र पडदा सुन्न. कारण १९ गिळल्यावर मोडेमला वाटायचं की संगणकाने "थांब" म्हटलंय, मग तो पलीकडून आलेले पोच-नकार संगणकाला द्यायचंच बंद करायचा.

मोडेमवर हे सेटिंग कुणी केलं होतं? मीच. सहा महिन्यांपूर्वी पडद्यावर लांब यादी धावताना अक्षरं गळत होती, म्हणून एक्सऑन-एक्सऑफ चालू करून मोडेमच्या मेमरीत कायमचं साठवून ठेवलं होतं. हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे हेच काम वेगळ्या तारांनी करणं, लावता आलं नव्हतं, कारण केबल बाजारातून तीन तारांची बनवून आणलेली: जाणारा डेटा, येणारा डेटा, अर्थिंग. शेठना मी ही शेवटची गोष्ट बरीच उशिरा सांगितली.

तुमच्याकडे हेच आहे का, हे पाच मिनिटांत कळतं

० ते २५५ असे सगळे बाइट क्रमाने असलेली २५६ बाइटची फाईल बनवा. बेसिक भाषेत दोन ओळी लागतात. कॉल जोडा आणि कोणताही प्रोटोकॉल न लावता ती कच्ची पाठवा, पलीकडे कॅप्चर करून बघा. आमच्याकडे २५४ बाइट आले. गहाळ कोण, तर १७ आणि १९. केबल उघडायला एवढा पुरावा पुरे.

याच फाईलने आणखी रोग सापडतात. १२८ च्या वरचे सगळे बाइट १२८ ने कमी होऊन आले तर कुठेतरी सात बिट आणि पॅरिटी, म्हणजे तपासणीचा बिट, लागलेली आहे. दोन्ही टोकांना आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट करा. १३ नंतर एक जास्तीचा १० आला तर कुणीतरी मजकूर समजून ओळ मोडतंय. २६ वर फाईल संपली तर डॉसवर टेक्स्ट मोडने उघडली गेली, कारण तिथे २६ म्हणजे फाईलचा शेवट. मधले पाच-दहा बाइट कुठूनही गळाले आणि दर वेळी वेगळे गळाले, तर पोर्टला वेग झेपत नाहीये. सीरियल पोर्ट चालवणाऱ्या जुन्या ८२५० किंवा १६४५० यूआर्ट चिपला एकाच बाइटची ओंजळ, प्रोसेसर दुसरीकडे रमला की पुढचा बाइट आधीच्यावर पडतो. १६५५०ए चिपला सोळा बाइटचं बफर आहे. ते कार्ड घाला किंवा पोर्टचा वेग उतरवा.

केबलचा उपाय: नऊ पिनच्या कनेक्टरवर ७ आणि ८, पंचवीस पिनवर ४ आणि ५, या आरटीएस आणि सीटीएसच्या, म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोलच्या, तारा जोडा. सोबत नऊ पिनवरची १, पंचवीसवरची ८ हीसुद्धा. ती कॅरिअरची, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर येतोय हे सांगणारी, तार. ती नसेल तर कॉल तुटला तरी संगणकाला पत्ता नसतो. एक्समोडेम बिचारा दहा-दहा सेकंद वाट बघत दहा वेळा हाका मारत बसतो. मग मोडेमला हार्डवेअर फ्लो कंट्रोल सांगा. बऱ्याच मोडेमवर ती आज्ञा "एटी अँड के ३" आहे, सॉफ्टवेअरवाली "के ४". काही कंपन्यांच्या आज्ञा वेगळ्या असतात, पुस्तिका बघा. सॉफ्टवेअरमध्येही तेच निवडा, नाही तर एक टोक हात दाखवतंय आणि दुसरं शिट्टी ऐकतंय असा प्रकार होतो.

ठरावीक वेळी तुटत असेल तर

इथे संगणक सोडून आजूबाजूला बघा. गोदामात पाळी बदलली की शेजारच्या शेडमधले माग एकदम सुरू व्हायचे, व्होल्टेज क्षणभर बसायचं आणि मोडेम रीसेट. छोटा यूपीएस मोडेमलाही लावला, विषय संपला. दुसऱ्या एका ठिकाणी रोज साडेसातला कॉल तुटायचा. गेटवर त्याच लाईनचं पॅरलल कनेक्शन होतं आणि वॉचमन घरी फोन लावायला रिसीव्हर उचलायचा. त्याला बिचाऱ्याला नुसती खरखर ऐकू यायची, म्हणून तो दोनतीनदा उचलून बघायचा.

कॉल वेटिंगचा "टूं" हा तिसरा चोर. तेवढ्या आवाजाने कॅरिअर क्षणभर हरवतो आणि मोडेम फोन ठेवून देतो. कॅरिअर गेल्यावर किती वेळ थांबायचं हे मोडेमच्या एस१० रजिस्टरमध्ये (सेटिंगच्या खान्यात) असतं, सेकंदाच्या दहाव्या भागात. बहुतेक मोडेममध्ये तिथे १४ असतं, म्हणजे १.४ सेकंद. मी ७० करतो, सात सेकंद. २५५ करू नका. तेव्हा बरेच मोडेम कॅरिअर कायम आहे असंच समजतात आणि पलीकडचा गेला तरी लाईन धरून बसतात. बिल आल्यावर कळतं. अर्थात कॉल वेटिंग त्या लाईनवरून काढूनच टाकणं उत्तम.

खरोखर लाईनच खराब असेल तर

टेलिफोनवाल्याने ऐकलं तसं ऐकू नका. रिसीव्हर उचला, एक अंक दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि दहा-पंधरा सेकंद ती शांतता ऐका. खरखर, गुणगुण, दुसऱ्याचं बोलणं, जे असेल ते तेव्हाच कळतं. पहिल्या पावसानंतर हे जरूर करा. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की लाईन दोन-तीन दिवस कण्हत राहते आणि ऊन पडलं की बरी होते. आपल्याकडे ऊन पडतंच, म्हणून दुरुस्ती कधी होत नाही.

पहिला इलाज वेग उतरवण्याचा. लोकांना हे पटत नाही. सेकंदाला ३३,६०० बिटांचा मोडेम घेतलाय तर ९,६०० वर का चालवायचा? कारण खराब लाईनवर मोठा वेग धरलेला मोडेम मधूनमधून थांबून पलीकडच्याशी पुन्हा जुळवून घेत बसतो, त्यात वीस-तीस सेकंद जातात, आणि कधी जुळतच नाही. ज्या मोडेमला "एटी प्लस एमएस" आज्ञा कळते त्याला व्ही.३२बिसवर, म्हणजे जास्तीत जास्त १४,४०० वर बांधून टाका. आणि जोडणी झाल्यावर कनेक्टच्या ओळीत एआरक्यू किंवा एलएपीएम असं काही येतं का बघा. म्हणजे दोन मोडेम आपसांत व्ही.४२ ची चूकदुरुस्ती करतायत. ते दिसलं तर लाईनवरचा कचरा तुमच्या प्रोटोकॉलपर्यंत सहसा पोचतच नाही. मग उरतो प्रश्न कॉल तुटण्याचा.

चूकदुरुस्ती मिळत नसेल तर ब्लॉकच्या आकाराचा हिशेब करा. समजा दहा हजार बिटांत एक बिट बिघडतोय. १२८ बाइटच्या ब्लॉकमध्ये १०२४ बिट. शंभरातले नव्वद ब्लॉक धड पोचतील. एक हजार चोवीस बाइटचा ब्लॉक घेतलात तर ८१९२ बिट, आणि शंभरातले चव्वेचाळीसच धड. म्हणजे निम्म्याहून जास्त मेहनत पुन्हा. चांगल्या लाईनवर मोठा ब्लॉक, खराबवर लहान, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण सेटिंग बदलायला कुणी जात नाही.

चेकसमही बघा. मूळ एक्समोडेमची बेरीज एका बाइटची. वाटेल तसा बिघडलेला ब्लॉक २५६ मध्ये एकदा तिच्या नजरेतून सुटतो, आणि दोन बाइटांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते. नंतर आलेल्या सोळा बिटांच्या सीआरसीत, म्हणजे जास्त कडक तपासणीच्या आकड्यात, हेच प्रमाण ६५,५३६ मध्ये एक होतं. पैशाचे आकडे असतील तर सीआरसीखेरीज काही वापरू नका. कर्मिट हा दुसरा प्रोटोकॉल (पुढे येतो) वापरत असाल तर जुन्या आवृत्त्यांत ब्लॉक-चेक १ असतो, तो फक्त सहा बिटांचा. तो ३ करा, म्हणजे सोळा बिटांची सीआरसी लागते.

मग वापरायचं काय

मी आज दोनच गोष्टी वापरतो. झेडमोडेम आणि कर्मिट.

झेडमोडेम चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये टेलेनेट या डेटा नेटवर्कसाठी लिहिला. प्रत्येक ब्लॉकच्या पोचेसाठी थांबत नाही, पाठवत सुटतो आणि चूक कळली की मागे जाऊन तिथून पुन्हा सुरू करतो. १७, १९ यांसारखे धोक्याचे बाइट झाकून पाठवतो, म्हणून आमच्या गोदामाचा आजार त्याला झालाच नसता. ३२ बिटांची सीआरसी आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कॉल तुटला तर पुढच्या कॉलला जिथं तुटलं तिथून पुढे चालू होतो. लिनक्सवर एलआरझेडएसझेड नावाचं पॅकेज आहे. त्यात मोठ्या एलने तुकडा किती लहान ठेवायचा ते, छोट्या एलने किती बाइटनंतर पोच घ्यायची ते, आणि आरने पुढे चालू करायचं ते सांगता येतं. कण्हणाऱ्या लाईनवर मी तुकडा २५६ आणि पोच ४०९६ ला ठेवतो.

कर्मिट कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये तयार झाला, आणि नाव बाहुल्यांच्या खेळातल्या बेडकावरून. तो पॅकेटमधलं सगळं छापता येतील अशा अक्षरांत बदलून पाठवतो. म्हणून हळू वाटतो, पण सात बिटांची, अर्धवट, कुठल्याही विक्षिप्त जोडणीवरून जातो. त्याची खिडकी ३१ पॅकेटपर्यंत वाढवता येते, म्हणजे इतकी पॅकेटं पोचेची वाट न बघता वाटेत राहू शकतात. सी-कर्मिट तर चुका वाढल्या की पॅकेट आपसूक लहान करतो. केबलला हातच लावता येत नाही, मोडेमची पुस्तिका हरवलीय, पलीकडचा माणूस फोनवर फक्त "हो, हो" म्हणतोय, अशा ठिकाणी मी डोळे मिटून कर्मिट लावतो.

खिडकीचं महत्त्व जीएसएमच्या डेटा कॉलवर कळतं. वेग ९,६०० बिट, बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. एक्समोडेमचा ब्लॉक ०.१४ सेकंदात निघतो, पण पोच परत यायला समजा ०.७ सेकंद. म्हणजे १२८ बाइटला ०.८४ सेकंद, सेकंदाला जेमतेम १५० बाइट. उरलेला वेळ नुसती वाट बघण्यात. पाण्याच्या यंत्राची बॅटरी त्यातच संपायची. कर्मिटची खिडकी ८ केली आणि कॉलचा वेळ कितीतरी कमी झाला. बरं, तिथेच "एटी प्लस सीबीएसटी" ने कॉल नॉन-ट्रान्स्परंट, म्हणजे रेडिओवरच्या चुका वाटेतच दुरुस्त करणारा, आहे ना ते बघून घ्या. शेवटचा आकडा १ हवा, ० असेल तर रेडिओवरच्या चुका थेट तुमच्या गळ्यात.

पुढे चालू करण्यातला सापळा

हा मी स्वतः खाल्लेला. झेडमोडेम लावल्यावर आम्ही खूश. एक दिवस पेढीवरचा साठा जुळेना. २० नंबरच्या सुताच्या बॅगा गोदामात होत्या त्यापेक्षा पेढीवर जास्त. फाईल उघडली तर वरच्या नोंदी कालच्या, खालच्या आजच्या.

झालं असं. आदल्या दिवशी कॉल तुटला, पेढीवर अर्धी फाईल राहिली. दिवाणजींनी दुसऱ्या दिवशी त्याच नावाची नवी फाईल पाठवली. झेडमोडेमने नाव बघितलं, पलीकडे इतके बाइट आधीच आहेत असं बघितलं, आणि तिथून पुढचं पाठवलं. आमच्या सेटिंगमध्ये तो फक्त लांबी बघत होता, आतला मजकूर तोच आहे का हे नाही. हस्तांतर यशस्वी, सीआरसी बरोबर, फाईल दोन दिवसांची गोधडी.

तेव्हापासून नियम ठरवले. फाईलच्या नावात तारीख आणि फेरी, म्हणजे एकच नाव पुन्हा येणार नाही. पाठवायला सुरुवात केली की त्या फाईलला हात लावायचा नाही, दुरुस्ती असेल तर नवी फेरी. पाठवण्याआधी झिप करायची. डीबीएफमध्ये रिकाम्या जागा भरपूर, आमची फाईल पाचव्या हिश्श्यावर यायची. शिवाय झिपच्या पोटात संपूर्ण फाईलची ३२ बिटांची सीआरसी असते, त्यामुळे पलीकडे नुसतं झिप तपासलं तरी सगळं कळतं. मात्र झिपमध्ये शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत सगळे बाइट विखुरलेले असतात. केबल-सेटिंग न सुधारता झिप एक्समोडेमवर घातलीत तर आधी कधीतरी जाणारी फाईल आता कधीच जाणार नाही. आणि एक्समोडेम शेवटचा ब्लॉक २६ च्या बाइटनी भरून काढतो, म्हणून पोचलेली फाईल मूळ फाईलपेक्षा लांब निघते. लांबी जुळत नाही म्हणून घाबरू नका, पण लांबीवरून तपासणीही करू नका.

पलीकडे वीज गेली तर अर्ध्या फाईलचे शेवटचे बाइट डिस्कवर नीट लिहिले गेलेत याची खात्री नसते. मी पुढे चालू करण्याआधी अर्ध्या फाईलचा शेवटचा एक केबी कापून टाकतो. एक केबी पुन्हा पाठवायला एक सेकंद लागतो, साठा जुळवायला दोन दिवस.

आमची बॅच फाईल (एकामागून एक आज्ञा चालवणारी) शेवटी अशी झाली: झिप कर, नंबर लाव, झेडमोडेमने पाठव, पलीकडे तात्पुरत्या नावाने उतरव, झिप तपास, बरोबर असेल तरच खरं नाव दे आणि इकडे एक छोटी पोच-फाईल परत पाठव. पोच-फाईल आली नाही तर गोदामातली मूळ फाईल पुसायची नाही. पेढीवरचा हिशेबाचा प्रोग्राम फक्त खऱ्या नावाच्या फायली उचलतो, म्हणून अर्धवट माल खात्यात जातच नाही.

पुन्हा नंबर लावण्याचं एकच सांगतो. पहिला प्रयत्न फसला तर दोन मिनिटं थांबा, मग पाच, मग पंधरा, आणि सहा प्रयत्नांनंतर गप्प बसा. फोन लावायचा तो एकाच टोकाने, नाही तर दोघं एकमेकांना लावतात आणि दोघांनाही एंगेज मिळतं. सुरुवातीला मी प्रयत्नांवर मर्यादा घातली नव्हती आणि नंबरात एक आकडा चुकला होता. रात्री साडेदहापासून दर दोन मिनिटांनी मोडेम एका घरी फोन लावत होता, आणि कुणी उचललं की कानात शिट्टी. दुसऱ्या दिवशी पोलीस नाही, पण त्या घरच्या आजी गोदामाचा नंबर शोधून फोनवर आल्या आणि दिवाणजींना अस्सल सोलापुरीत जे बोलल्या ते इथे लिहिता येत नाही. तेव्हा स्क्रिप्टमध्ये नंबर घालण्याआधी तो एकदा हाताने फिरवा, पलीकडून मोडेमची शिट्टी ऐका, मगच टाइप करा.